रिकामी यादी

"इंदू, चष्मा घरी राह्यला बघ. तूच वाच," असं म्हणून अण्णांनी ते जाड पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि समोरची खुर्ची ओढून बसले. पाकीट त्यांनी आधीच फोडलं होतं. म्हणजे आत काय आहे याचा अंदाज त्यांना होता, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

सोमवारची सकाळ होती. आमचं ऑफिस म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या गोदामावरची माडी. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, भिंतीवर मार्कंडेय ऋषींची तसबीर, आणि शेजारच्या यंत्रमागांची खडखड. ती खडखड थांबली की आम्ही दोघं दचकून वर बघायचो, इतकी अंगवळणी पडलेली.

अण्णा म्हणजे नरसय्या गुंडेटी. चादरीवर जे मोर आणि कमळं उमटतात, त्यासाठी पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डांना हातानं भोकं पाडायचे; कुठला धागा उचलायचा ते मागाला त्या भोकांवरून कळायचं. अण्णा गिरणीत तेच करायचे, चौदाव्या वर्षापासून. गिरणी बंद पडली, माग कॉम्प्युटरवर आले, तेव्हा त्यांनी मला नोकरीला ठेवलं. सहा वर्षं ते रोज सांगत गेले आणि मी प्रोग्रॅममध्ये लिहीत गेले. धागा किती लांब मोकळा सोडला तर बांगडीत अडकून निघत नाही, तो कुठं बांधून टाकायचा, मोराच्या मानेला विणीची बांधणी कोणती आणि पिसाऱ्याला कोणती. एक लाल वही होती त्यांची, तीत हे सगळं. प्रोग्रॅमचं नाव आम्ही ठेवलं 'ताणाबाणा'. चित्र आत घातलं की मागाला कळेल अशी फाईल बाहेर. गावातल्या बेचाळीस कारखान्यांत तो चालत होता.

पत्र कोइमतूरच्या एका माग बनवणाऱ्या कंपनीचं होतं. त्यांच्या प्रत्येक मागाबरोबर ताणाबाणा द्यायचं त्यांनी नक्की केलं होतं. मी वाचत होते आणि अण्णा डोळे मिटून ऐकत होते, कीर्तनात ऐकावं तसे.

"अजून काय लिहिलंय?"

"बुधवारी त्यांचा माणूस येणार तपासायला. आणि हा एक फॉर्म भरून ठेवायला सांगितलाय."

"वाच की."

"या प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कुणी लिहिलेले कोणकोणते भाग वापरले आहेत? प्रत्येकाचं नाव, कर्ता आणि परवाना लिहावा." खाली रकान्यांची रिकामी यादी होती. तिच्याखाली दोन सह्या: एक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची, एक मालकाची.

"मग सोपं हाय," अण्णा म्हणाले. "काही नाही म्हणून लिही. दुसऱ्याचं काय असणार हितं? सगळं आपलंच."

"हो अण्णा," मी म्हणाले.

ते 'हो' खोटं होतं.

दुसऱ्याचं होतं. मला माहीत होतं, आणि माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

सांगते. फोटोत हजारो रंग असतात, चादरीला मिळतात आठ धाग्यांचे आठ. हजारांचे आठ करायचं काम मी चार महिने स्वतः करून पाहिलं. मोराची मान चिखलासारखी दिसायची. मग इंटरनेटवर एक लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमरांनी लिहून, तपासून ठेवलेलं तयार काम. आपल्या प्रोग्रॅमनं ते बोलवायचं आणि वापरायचं. ती फुकट होती. 'अटी मान्य आहेत' यावर मी टिचकी मारली. वाचल्या नाहीत. त्या दिवशी मोराची मान निळी झाली, आणि अण्णांनी मला घरून आणलेला शेंगांचा लाडू दिला.

सुरुवातीला ती लायब्ररी वेगळी फाईल होती, आमच्या प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवलेली. पण आमचे कारखानदार लोक... त्यांच्या कॉम्प्युटरवर ताणाबाणा असायचा आणि बाकीची जागा सिनेमांनी भरलेली. नवा सिनेमा आला की ओळखीची नसलेली फाईल पुसायची. दर आठवड्याला फोन, "तुमचं सॉफ्टवेअर मेलं." जाऊन बघावं तर लायब्ररी पुसलेली. अठरा वेळा झालं असेल. शेवटी मी वैतागून ती लायब्ररी आमच्या प्रोग्रॅममध्येच मिसळून टाकली. सगळं एकजीव, एकच फाईल. तिच्याबरोबर येणारे कागद, परवाना, लिहिणाऱ्यांची नावं, तेही काढून टाकलं, कारण लोक विचारायचे हे काय इंग्रजी आहे. फोन बंद झाले. अण्णा खूष झाले.

तीन वर्षं कुणी काही विचारलं नाही. सोमवारी विचारलं.

अण्णा खाली गेल्यावर मी लायब्ररीचं जुनं फोल्डर शोधून काढलं. परवान्याच्या म्हणून दोन फायली होत्या. पहिली उघडली आणि वाचत गेले. इंग्रजी अवघड होतं, पण एक गोष्ट कळली ती अशी, की हे काम तुमच्या प्रोग्रॅममध्ये घालून तो प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर त्या सगळ्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्याला द्यावा लागेल, याच अटींवर.

मी फाईल बंद केली. पुढचं काही वाचायची छाती झाली नाही.

मूळ मजकूर म्हणजे काय, ते एवढ्यावरून कळेल. कारखान्यांना आम्ही द्यायचो ती फक्त चालणारी फाईल. ती शिजवलेल्या आमटीसारखी असते. खाऊन कुणाला मसाला सांगता येत नाही. मूळ मजकूर म्हणजे मसाल्याची यादी. आमच्या बाबतीत म्हणजे अण्णांची लाल वही, पानन् पान. आणि आमच्या गावात एकाची नक्षी आठवड्यात दुसऱ्याच्या मागावर दिसते. बेचाळीस कारखान्यांना वही दिली, तर अण्णांकडे उरलं काय? साठी उलटलेला माणूस, ज्याच्याजवळ आयुष्यात एवढी एकच गोष्ट जमली होती. आणि ती मी एका टिचकीनं देऊन बसले होते.

मी घाबरले होते. खोटं कशाला सांगू. इंटरनेटवर शोधलं तर परदेशातले खटले निघाले. ते वाचून आणखी घाबरले. जिन्यावर पाऊल वाजलं की स्क्रीन बंद करत होते. एकदा तर चहावालाच होता.

मंगळवारी सकाळी लवकर येऊन मी ती लायब्ररी काढून स्वतःचं काहीतरी घालायचा प्रयत्न केला. मोर पुन्हा चिखलात बसला. दुपारपर्यंत कळलं, उद्यापर्यंत हे होणारं नाही.

मग मी ते केलं.

तपासणारे लोक चालणारी फाईल एका यंत्रणेतून काढतात. शिजलेल्या फायलीतसुद्धा काही खुणा शिल्लक राहतात. चुका झाल्या तर दाखवायची वाक्यं, आतल्या भागांची नावं, लिहिणाऱ्यांची नावं. ती यंत्रणा या खुणा शोधते. मी त्या एकेक करून पुसायला लागले. वाक्यं बदलली. भागांची नावं बदलली. शेवटी माणसांची नावं आली. एकोणीस होती. एक यूलिया होती, एक ओसामू होता, एकाच्या नावापुढं लिहिलं होतं की हा आता आपल्यात नाही, पण याचं काम आहे. तीन वर्षं ज्यांच्या कामावर मी पगार घेतला, त्यांची नावं मी पहिल्यांदा वाचली ती पुसताना.

"काय करायलीस एवढं?" अण्णा डबा घेऊन वर आले होते. "भाकरी हाय, शेंगांची चटणी हाय. खा."

"भूक नाही अण्णा."

"उद्या साहेब येणार म्हणून भ्यालीस का काय?" ते हसले. "अगं, चोर असतो तो भितो. आपल्याला काय?"

मी अर्धी भाकरी खाल्ली. ते समोर बसून बघत होते म्हणून खाल्ली.

संध्याकाळी आमच्या पेठेतल्या दत्ताच्या देवळात कीर्तन होतं. वेणूताई हुन्नूरकर आल्या होत्या. वेणूताईंचं कीर्तन मी कधी चुकवलेलं नाही. त्यांचा आवाज जरा घोगरा, पण त्या एकदा झांज घेऊन उभ्या राहिल्या आणि ओळ घातली, की मागं बसलेल्या म्हाताऱ्यांच्या माना आपोआप डोलू लागतात. मी नेहमी पुढं बसते आणि त्यांच्या मागं ओळ झेलते. त्या दिवशी मी खांबाआड बसले.

उत्तररंगाला त्यांनी मार्कंडेयाचं आख्यान लावलं. सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेलं पोर, आणि सोळावं संपत आलेलं. यम आला, फास टाकला, पोरानं महादेवाच्या पिंडीला मिठी मारली. आमच्या गावात हे आख्यान प्रत्येकाला पाठ. वेणूताई मात्र मध्येच थांबल्या. पेटीवाल्याला हातानं थांबवलं.

"मंडळी, मला एक सांगा. हे पोर शूर होतं का हो?"

कुणी म्हणालं, होतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला? सोळा वर्षांचं लेकरू ते. दारात मरण उभं. अहो, कापत होतं थरथर. दात वाजत होते त्याचे." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "भ्यालेला माणूस पळणारच. त्याला देव रागवत नाही. पळताना तो कुणीकडं पळाला, एवढंच देव बघतो."

आणि पेटी पुन्हा सुरू झाली, तबल्यानं ठेका धरला, सगळे टाळ्या वाजवू लागले. मी उठले. आरतीच्या आधी मी आयुष्यात कधी देवळातून निघाले नव्हते. त्या दिवशी चपला हातात घेऊन निघाले, पळतच.

बुधवारी अकरा वाजता कंपनीनं पाठवलेला माणूस आला. पुण्याचा होता, फिरोज तांबोळी. पन्नाशीचा, बारीक, पांढरी दाढी नीट कातरलेली. वर येताना दमला होता. अण्णांनी त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, मग चहा.

"जिना जरा उभा हाय," अण्णा म्हणाले.

"माझे गुडघे म्हातारे झालेत, जिना नाही," तांबोळी म्हणाले. "चडचणकर मॅडम तुम्हीच का? द्या, तुमची फाईल द्या. फार वेळ घेत नाही."

मी फाईल दिली. कालची, धुतलेली.

त्यांनी आपला लॅपटॉप उघडला, फाईल आत घातली. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकू लागली. मी उभीच होते. पट्टी मध्यावर आली आणि थांबली. माझ्या कानात मागांची खडखड बंद झाल्यासारखी वाटली, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. माग चालूच होते. पट्टी पुन्हा सरकली.

"काही नाही," तांबोळी म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला आणि पुन्हा एकदा पडद्याकडं पाहिलं. "एकही बाहेरचा भाग नाही. सगळं तुमचंच लिहिलेलं?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. अण्णा पुढं झाले.

"साहेब, ह्या पोरीनं अक्षर न् अक्षर स्वतः लिहिलंय. सहा वर्षं माझ्यासमोर बसून. कुणाचा धागा घेतलेला नाही. माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"तसं करायची गरज नाही अण्णा. इथं सही केली की झालं." तांबोळींनी फॉर्म पुढं सरकवला. यादी कोरी होती. "आधी मॅडमची, मग तुमची."

अण्णांनी खिशातून पेन काढलं. माझ्या आधीच काढलं. त्यांना घाई झाली होती. कोऱ्या यादीखाली त्यांच्या नावापुढं ते पेन टेकवणार, इतक्यात मी त्यांचं मनगट धरलं.

मी शूर नाही. ते मनगट धरताना मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं. पण माझ्या सहीपेक्षा त्यांच्या सहीची भीती जास्त वाटली. माझं खोटं माझं होतं. त्याच्याखाली ते नातवाला ठेवत होते.

"अण्णा, करू नका."

"का गं?"

"बाहेरचं आहे. मी घातलंय. काल मी त्याची नावं पुसली."

मागांची खडखड चालूच होती. अण्णांनी मनगट सोडवून घेतलं नाही.

"काय घातलंयस?"

मी सगळं सांगितलं. मोराची मान, पुसलेल्या फायली, एकजीव केलेलं, सोमवारी वाचलेला परवाना. शेवटी म्हणाले, "आता वही सगळ्यांना द्यावी लागेल अण्णा. माझ्यामुळं."

"कवापासून माहीत हाय तुला?"

"सोमवारपासून."

"म्हणजे काल भाकरी खाताना माहीत होतं." ते हळूच बोलले. "मी म्हणालो, चोर असतो तो भितो. आणि तू खात होतीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तिथं ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तांबोळींनी लॅपटॉप जरा बाजूला केला. "मॅडम, ते फोल्डर आहे का अजून?"

मी दाखवलं.

"कोणती फाईल वाचलीत?"

मी पहिली दाखवली.

"आणि दुसरी?"

"नाही वाचली. भीती वाटली."

त्यांनी दुसरी उघडली. छोटी होती, पहिलीच्या चौथ्या हिश्श्याएवढीसुद्धा नव्हती. "बसा," ते म्हणाले. "अण्णा, तुम्हीही बसा. हे बघा, परवान्याचे दोन प्रकार असतात. एक कडक, एक सौम्य. मॅडमनी वाचला तो कडक. ह्या लायब्ररीला लागू आहे तो सौम्य. पण सौम्य परवाना असा लिहिलेला आहे की तो कडक परवान्यावरच काही सवलती देतो. म्हणून दोन्ही कागद बरोबर ठेवतात. पहिला वाचून माणसं घाबरतात आणि दुसरा उघडत नाहीत. तुम्ही पहिल्या नाही."

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे तुमची वही तुमची. ती कुणाला द्यावी लागत नाही. ही लायब्ररी वापरा, विका, काही हरकत नाही. अटी एवढ्याच, की ती वापरलीय हे सांगायचं, लिहिणाऱ्यांची नावं आणि परवाना बरोबर द्यायचा, आणि तिचा मूळ मजकूर कुठं मिळतो ते सांगायचं. आणि उद्या एखाद्याला त्या लायब्ररीत सुधारणा करून ती ताणाबाणात बसवायची असेल, तर त्याला ते करता आलं पाहिजे. ती शेजारी वेगळी फाईल होती तोवर करता येत होतं. मॅडमनी सगळं एकजीव केलं आणि तो दरवाजा बंद झाला. चूक ती."

"आणि नावं पुसली ती?" मी विचारलं.

"ती मोठी चूक. पहिली चूक घाईची होती. ही समजून केलेली." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही, पण सोडूनही देत नव्हते. "आणि खरं सांगू? तुम्ही धरला नसता हात, तरी मी सही घेऊन गेलो नसतो. वीस वर्षं हे काम करतोय. रिकामी यादी मी आजवर पाहिलेली नाही. प्रत्येकाच्या प्रोग्रॅममध्ये कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतंच. पाटी एवढी कोरी दिसली की समजायचं, कुणीतरी धुतलीय."

दोन दिवस ज्या कोरेपणासाठी मी मेले, त्यानंच मला पकडून दिलं असतं.

"आता काय करायचं, साहेब?" अण्णा.

"लायब्ररी पुन्हा वेगळी करा. नावं, परवाना घाला. बेचाळीस जणांना नवी प्रत नेऊन द्या आणि जुनीत काय चुकलं ते सांगा. मी कंपनीला लिहीन की चूक होती, त्यांनी स्वतः सांगितली, दुरुस्त करतायत. पुढचं त्यांच्या हातात. नाही म्हणतील कदाचित." त्यांनी फॉर्म माझ्यापुढं केला. "यादीत आता खरं लिहा."

मी लिहिलं. लायब्ररीचं नाव, परवाना. कर्त्याच्या रकान्यात जागा पुरेना, तरी एकोणीस नावं बारीक अक्षरात बसवली. जो आपल्यात नाही, त्याचंही. अक्षर वाकडं येत होतं.

"झालं?" तांबोळी म्हणाले.

"थांबा," अण्णा म्हणाले. "अजून एक ओळ हाय."

मी वर पाहिलं. माझ्या लक्षात येईना, आणखी काय वापरलंय.

"लिही. बांधणीचे नियम." त्यांनी डोळे मिटले होते. "कर्ता, वीरभद्र म्याकल. गिरणीत मास्तर होता कार्डाचा. लाल वही त्याची. म्हणजे अक्षर माझं, सांगणारा तो. तो सांगायचा आणि मी लिहायचो."

सहा वर्षांत हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"अण्णा," तांबोळी म्हणाले, "हे कायद्यानं लिहायची गरज नाही. कानानं शिकलेल्या विद्येला असला परवाना लागत नाही."

"होता की परवाना," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशीच सांगितला होता. म्हणाला, नरस्या, एका अटीवर शिकवतो. जो विचारील त्याला सांगायचं. मला ज्यानं शिकवलं त्यानंही हीच अट घातलेली." ते थांबले. समोरचं पाणी प्यायले. "गिरणी बंद पडली. मास्तर गेला. मग एकदा त्याचाच पोरगा आला, ह्याच जिन्यानं वर. तू यायच्या आधी, मी हितं एकटाच कार्डं पाडायचो तवा. म्हणाला, काका, बापानं तुम्हाला शिकवलं ते मला सांगा, चार माग टाकलेत. मी म्हणालो, आठवत नाही रे आता."

अण्णांनी डोळे उघडले.

"अकरा वर्षं झाली. तवापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटतं तोच आला, इंदू. सोमवारी हा कागद आला तवाही तेच वाटलं. मी पाकीट फोडलं, यादी बघितली, आणि तुझ्याकडं दिलं. म्हणलं, तूच वाच. आणि तूच 'काही नाही' म्हणून लिही."

मी तीन दिवस अण्णांना घाबरत होते. तेही तीन दिवस माझ्याच शेजारी घाबरून बसले होते, आणि मला भाकरी खा म्हणत होते.

"परवान्याच्या रकान्यात काय लिहू?" मी विचारलं.

"तो म्हणाला तेच."

मी लिहिलं, 'जो विचारील त्याला सांगायचं.' तांबोळींनी वाचलं. इंग्रजीत भरायचा फॉर्म होता, पण त्यांनी खोडायला सांगितलं नाही.

"हे लिहिलं म्हणजे आता येणार लोक विचारायला," मी म्हणाले. "तो मुलगा पहिला येईल."

"येणार कशाला, मीच जातो त्याच्याकडं." अण्णांनी पेन हातात घेतलं. "भीती वाटायलीय मला. पण जातो."

कंपनीनं पुढं होकार दिला, बऱ्याच महिन्यांनी. ती कटकट इथं सांगत नाही. बेचाळीस कारखाने आम्ही दोघांनी फिरून काढले, ते म्याकलांच्या घरापासून सुरू केले. पण मला आठवतं ते त्या बुधवारचं टेबल. मी सही केली. मग अण्णा वाकले. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडत होता, म्हणून मी एका बाजूनं धरला आणि त्यांनी दुसऱ्या. कागद थरथरत होता. तांबोळींनी उठून पंखा बंद केला. तरी तो थरथरतच राहिला, आणि अण्णांनी तशीच सही केली.